बनावट चेकपासून धंद्याचं खातं कसं वाचवावं: छोट्या व्यावसायिकांसाठी पायरीवार माहिती

चेकचे दिवस गेले असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात पुरवठादार पुढच्या तारखेचे चेक मागतो, गाळ्याचा मालक वर्षभराचे चेक एकदम घेऊन ठेवतो, आणि मोठ्या पार्ट्या अजूनही महिनाअखेरीला चेकच काढतात. त्यामुळे नवीन करंट खातं उघडलं की पहिल्या आठवड्यात चेकबुक हातात येतं. ते कसं सांभाळायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी एका व्यापारी पेढीचे हिशेब बघतो. आमच्या खात्यावर एकदा बनावट चेक क्लिअरिंगला आला होता. पैसे वाचले, पण त्या निमित्ताने बँक, पोलीस ठाणं आणि वकील अशा तीन ठिकाणी बरंच काही शिकायला मिळालं. ते एका ठिकाणी लिहून ठेवतो. तुमची पेढी एकट्याची असो किंवा भागीदारीतली, पायऱ्या त्याच आहेत.

१. चेक वटतो कसा, ते आधी समजून घ्या

बहुतेकांची समजूत अशी की आपण दिलेला चेक फिरत फिरत आपल्या शाखेत येतो, तिथला माणूस तो हातात घेऊन सही ताडून बघतो आणि मग पैसे सोडतो. हे जुनं झालं. आता चेक ट्रंकेशन सिस्टिम, म्हणजे सीटीएस चालते. २००८ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही पद्धत पुढे चेन्नई, मुंबई करत देशभर पोचली. यात चेक ज्या बँकेत भरला जातो, कागद तिथेच राहतो. तुमच्या बँकेकडे जाते ती फक्त त्याची स्कॅन केलेली प्रतिमा आणि खाली छापलेल्या आकड्यांच्या, म्हणजे एमआयसीआर पट्टीतली माहिती.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कागदातला वॉटरमार्क, अतिनील दिव्याखाली दिसणारा बँकेचा लोगो, कागदाचा पोत यातलं काहीही तुमची बँक स्वतः बघत नाही. ते बघायची जबाबदारी चेक भरून घेणाऱ्या बँकेची. त्या काउंटरवर गर्दी असेल आणि कर्मचारी घाईत असेल, तर सफाईदार बनावट चेक सहज पुढे सरकतो. तुमच्या बँकेला पडद्यावर दिसतं ते एवढंच: नंबर बरोबर, सही सारखी, खात्यात शिल्लक आहे.

त्यात आता वेळही कमी झाला आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक गठ्ठ्याने न जाता दिवसभर सतत क्लिअरिंगला जातात. पहिल्या टप्प्याच्या नियमानुसार दिवसा ठरलेल्या वेळेत चेक पुढे पाठवले जातात, आणि देणाऱ्या बँकेने संध्याकाळी ७ पर्यंत काहीच कळवलं नाही तर चेक मंजूर झाला असं धरलं जातं. खऱ्या चेकचे पैसे लवकर मिळतात हे उत्तमच, पण खोटा चेकही त्याच वेगाने वटतो. पूर्वी ‘उद्या बघू’ म्हणायला एक रात्र तरी मिळायची.

म्हणून या लेखातल्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकच आहे: कोणता चेक आपण दिला आहे हे बँकेला आपल्याकडून आधीच कळलेलं असावं, आणि खात्यावर काय चाललंय ते आपल्याला त्याच दिवशी कळावं.

२. कशाकशापासून सावध राहायचं

चोरीला गेलेलं कोरं पान आणि खोटी सही हा सगळ्यात जुना प्रकार. दुसरा, खऱ्या चेकवरची शाई रसायनाने धुऊन नाव आणि रक्कम बदलणं. तिसरा म्हणजे चेकबुक मागणीची स्लिप चोरून तुमच्या नावाने नवं चेकबुकच मिळवणं.

आणि चौथा, क्लोन चेक. सध्या धंदेवाल्यांना खरी भीती याची आहे. तुमचा खरा चेक तुमच्याच कपाटात असतो किंवा पुरवठादाराच्या खिशात असतो. त्याच नंबरचा, तशाच सहीचा दुसरा चेक छापून कुणीतरी दूरच्या गावात भरतो. सप्टेंबर २०२० मध्ये अयोध्येच्या श्रीराम जन्मभूमी तीर्थक्षेत्र ट्रस्टच्या खात्यातून असेच क्लोन चेक वापरून आधी अडीच लाख आणि मग साडेतीन लाख रुपये काढले गेले. ९ लाख ८६ हजारांचा तिसरा चेक आला तेव्हा बँकेने खात्री करायला फोन केला आणि प्रकार उघड झाला. मूळ चेक ट्रस्टकडेच होते. या प्रकरणात मला महत्त्वाचा वाटतो तो तो फोन. पहिल्या दोन चेकच्या वेळी तसा फोन झाला असता तर गोष्ट तिथेच संपली असती.

क्लोन करायला काय लागतं? चेकचा एक स्पष्ट फोटो. तो आपण स्वतःच देतो. ‘चेक तयार आहे, माणूस पाठवा’ असं सांगताना व्हॉट्सअ‍ॅपवर चेकचा फोटो टाकायची सवय जवळपास प्रत्येक ऑफिसात आहे. ती आजच बंद करा. पार्टीला खात्रीच हवी असेल तर चेक नंबरचे शेवटचे तीन आकडे आणि रक्कम लिहून कळवा, तेवढं पुरतं.

३. चेकबुक घरात आल्यावर

चेकबुक आलं की पानं मोजा. पहिला आणि शेवटचा नंबर बघून समाधान मानू नका, मधली पानंही चाळा. पान चोरणारा माणूस वरचं पान कधीच नेत नाही. तो मधलं किंवा शेवटून दुसरं-तिसरं नेतो, म्हणजे पुढचे कित्येक आठवडे कुणाच्या लक्षात येत नाही.

एक चेक रजिस्टर ठेवा. साधी वही चालते, एक्सेल चालतं. त्यात चेक नंबर, तारीख, कोणाच्या नावे, रक्कम, कुणी नेला त्याची सही आणि वटल्याची तारीख असे रकाने हवेत. रद्द केलेल्या चेकचीही नोंद हवी. रद्द चेक फाडून टाकू नका, एमआयसीआर पट्टी आणि सहीची जागा कापून तो रजिस्टरला टाचून ठेवा. उद्या ‘हा नंबर कुठे गेला’ असा प्रश्न आला की उत्तर हातात असतं.

चेकबुक कुलपात, आणि किल्ली चेक लिहिणाऱ्याकडे नको. लिहिणारा एक, सही करणारा दुसरा आणि महिन्याचा बँकेचा मेळ घालणारा, म्हणजे रजिस्टर आणि बँकेचं स्टेटमेंट जुळवून बघणारा, शक्यतो तिसरा. माणसं कमी असतील तर निदान मेळ तरी मालकाने स्वतः बघावा. हे अविश्वासाचं बोलणं वाटेल, पण या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जो १९८७ चा निकाल वकील मंडळी नेहमी सांगतात, त्यात कंपनीचं चेकबुक ज्याच्या ताब्यात होतं त्या हिशेबनिसानेच काही वर्षांत ४२ चेकवर खोट्या सह्या करून पैसे काढले होते. हिशेब तोच लिहायचा, त्यामुळे कुणाला दिसलं नाही. दुसरा हिशेबनीस आला तेव्हा बाहेर पडलं.

सह्या करून ठेवलेले कोरे चेक हा वेगळा मुद्दा. मालक गावाला जाणार, म्हणून चार-पाच चेकवर सह्या करून ठेवतो. हे करू नका. तेवढ्यासाठी नेट बँकिंगमध्ये मंजुरीचा अधिकार फोनवर ठेवता येतो, आणि एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून, आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. गावाहूनही पैसे पाठवता येतात.

सही करणारा भागीदार किंवा कर्मचारी पेढी सोडून गेला, तर त्याचं नाव खात्यावरून काढायचं पत्र त्याच आठवड्यात बँकेत द्या. भागीदारीत सर्व भागीदारांच्या सहीचं पत्र, कंपनीत संचालक मंडळाचा ठराव लागतो. ‘तो भला माणूस आहे’ हे खरं असलं तरी पत्र द्या.

४. चेक लिहिताना

‘अकाउंट पेयी’ असं दोन रेघांमध्ये लिहून चेक क्रॉस करा, ‘बेअरर’ शब्द खोडा. नाव रेघेच्या अगदी डावीकडून सुरू करा आणि नावानंतर उरलेल्या जागेवर आडवी रेघ मारा. रक्कम अक्षरी लिहिताना ‘फक्त’ लिहायला विसरू नका, आकड्यांत लिहिताना रुपयाच्या चिन्हाला चिकटून सुरुवात करा. मोकळी जागा ही नुसती गबाळेपणाची खूण नसते. परक्राम्य दस्तऐवज कायदा, १८८१ च्या कलम ८९ नुसार, चेकमधला बदल वरवर बघून कळत नसेल आणि बँकेने रीतसर पैसे दिले असतील तर बँकेला संरक्षण मिळतं. तुम्ही सोडलेल्या जागेत कुणी ‘१’ घुसवला, तर भांडताना तुमची बाजू लंगडी पडते.

शाई गडद आणि सहजी न धुतली जाणारी हवी. पिगमेंट शाईचे जेल पेन साध्या बॉलपेनपेक्षा धुवायला अवघड असतात. पेन मात्र स्वतःचं. कर्ज मिळवून देणारे किंवा विमा काढणारे एजंट ‘कॅन्सल्ड चेक’ मागतात आणि आपलं पेन पुढे करतात. उष्णतेने उडणाऱ्या शाईची पेनं बाजारात सर्रास मिळतात. चेक घासला की ‘कॅन्सल्ड’ शब्द गायब, आणि कोरा चेक एजंटच्या हातात. कॅन्सल्ड चेकवर सही कधीही करू नका. तिची गरजच नसते, समोरच्याला फक्त खातं क्रमांक आणि आयएफएससी हवा असतो. खरं तर त्याऐवजी खात्याच्या स्टेटमेंटचं पहिलं पान चालेल का, असं आधी विचारा. बरेच जण हो म्हणतात.

सीटीएसमध्ये तारखेच्या दुरुस्तीखेरीज चेकवर खाडाखोड चालत नाही. नाव किंवा रक्कम चुकली तर शेजारी सही करून भागत नाही, नवा चेक लिहा.

बँकेतली सही आणि इतर कागदांवरची सही वेगळी ठेवता आली तर उत्तम. कोटेशन, टेंडर, वेबसाइटवर टाकलेलं पीडीएफ, लेटरहेड यांवर मालकाची जी सही असते तीच चेकवर असेल, तर नमुना आपणच जगाला वाटलेला असतो.

५. पॉझिटिव्ह पे: याला वेळ द्या

सगळा लेख वाचायचा कंटाळा आला तर एवढा भाग तरी वाचा.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे सिस्टिम लागू केली. तुम्ही चेक दिला की त्याचा तपशील बँकेला कळवायचा. चेक क्लिअरिंगला आला की सीटीएसची यंत्रणा तो तपशील आलेल्या चेकशी ताडून बघते. जुळला नाही तर दोन्ही बँकांना खूण जाते. ही सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने, म्हणजे एनपीसीआयने उभी केली आहे आणि ५० हजार व त्याहून जास्त रकमेच्या चेकसाठी बँकांनी ती द्यावीच असा नियम आहे. वापरायची की नाही हे ग्राहकाच्या मर्जीवर, मात्र ५ लाख आणि त्यावरच्या चेकसाठी बँक ती सक्तीची करू शकते. अनेक बँकांनी केलीही आहे. तुमच्या बँकेची मर्यादा किती, हे शाखेत विचारून घ्या आणि चेकबुकच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

मर्जीवर आहे म्हणून सोडून देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या याच सोयीबद्दलच्या परिपत्रकात असंही म्हटलं आहे की सीटीएसच्या वाद-निवारण यंत्रणेत या सूचनांचं पालन झालेलेच चेक घेतले जातील. तपशील न कळवलेल्या चेकवर पुढे वाद झाला, तर एक दार आधीच बंद झालेलं असतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं:

पहिलं, नेट बँकिंग किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये ‘चेक’ किंवा ‘सर्व्हिसेस’ या विभागात ‘पॉझिटिव्ह पे’ शोधा. नाव प्रत्येक बँकेत थोडं इकडेतिकडे असतं. नेट बँकिंग नसेल तर शाखेत छापील फॉर्म मिळतो. काही बँका एसएमएस किंवा एटीएमवरूनही तपशील घेतात.

दुसरं, खातं निवडा आणि सहा आकडी चेक नंबर, चेकवरची तारीख, रक्कम आणि ज्याच्या नावे चेक आहे त्याचं नाव भरा.

तिसरं, नाव चेकवर जसं आहे तसंच भरा. चेकवर ‘श्री गणेश ट्रेडिंग कंपनी’ आणि पोर्टलवर ‘एसजीटीसी’ असं चालणार नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. चेकवर संक्षेप लिहिला असेल तर पोर्टलवरही तोच संक्षेप.

चौथं, ओटीपी टाकून पुष्टी करा आणि आलेला संदर्भ क्रमांक रजिस्टरमध्ये त्या चेकसमोर लिहा.

पाचवं, आणि मग चेक द्या. क्रम उलटा करू नका. ‘संध्याकाळी निवांत भरू’ म्हणाल, तर तोपर्यंत पार्टीने चेक बँकेत भरलेला असतो आणि तपशील नाही म्हणून तुमचा खरा चेक परत येतो. वर पुरवठादाराची बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

यातले काही खड्डे. एकदा भरलेला तपशील बऱ्याच बँकांत दुरुस्त करता येत नाही, म्हणून पुष्टीआधी दुसऱ्या माणसाने एकदा वाचावा. पुढच्या तारखेच्या चेकचा तपशील किती आधी घेतात, तेही बँकेगणिक वेगळं असतं. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, त्यामुळे जुना चेक पार्टीने बदलून मागितला तर नव्या चेकचा तपशील नव्याने भरा आणि जुना थांबवा. एकाच वेळी बरेच चेक काढत असाल तर व्यावसायिक खात्यांना फाइल एकगठ्ठा अपलोड करायची सोय मिळते का, ते विचारा.

सहकारी बँकेत खातं असेल तर आणखी एक प्रश्न विचारा. पुष्कळ नागरी सहकारी बँका क्लिअरिंगमध्ये दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत भाग घेतात. तिथे पॉझिटिव्ह पे आहे का, तपशील शाखेत कागदावरच द्यायचा का आणि किती वाजेपर्यंत, हे स्पष्ट करून घ्या.

आणि सीटीएसबाहेर वटणारे चेक? तुमचं आणि पार्टीचं खातं एकाच बँकेत असेल तर चेक बाहेर क्लिअरिंगला जातच नाही. अशा चेकसाठीही तशीच व्यवस्था करायची मुभा बँकांना आहे, पण ती केली आहे का हे बँकेलाच विचारावं लागतं.

पॉझिटिव्ह पेचं एक भोक सगळ्यांना माहीत आहे, भामट्यांनाही. ५० हजारांखालचे चेक यातून निसटतात. त्यामुळे ४९ हजारांच्या आसपासची, आपल्या रजिस्टरमध्ये नसलेली नोंद दिसली तर दोनदा बघा. आमच्या सनदी लेखापालांनी सांगितलेली तोड अशी: चेकसाठी वेगळं करंट खातं ठेवा, त्यात त्या आठवड्यात वटणाऱ्या चेकपुरतीच रक्कम वळवा. मोठी शिल्लक ज्या खात्यात आहे त्याचं चेकबुकच घेऊ नका. मला हा उपाय पॉझिटिव्ह पेच्या खालोखाल उपयोगी वाटतो. फार थोडे लोक करतात, कारण दोन खात्यांचा मेळ घालायचा कंटाळा.

६. सूचना आणि रोजचा मेळ

बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? नव्या पेढ्यांत तो अनेकदा खातं उघडायला धावपळ करणाऱ्या मुलाचा किंवा सल्लागाराचा असतो. मालकाचा करा, शिवाय हिशेबनिसाचा ईमेल जोडा. चेक क्लिअरिंगला आला की ग्राहकाला एसएमएस पाठवावा आणि मोठ्या रकमेच्या चेकबाबत फोन करून खात्री करावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना सुचवलं आहे. म्हणजे फोन येऊ शकतो, फक्त उचलणारा माणूस योग्य हवा. उलट बाजूने, ‘बँकेतून बोलतोय, चेकची खात्री करायची आहे’ असं म्हणून ओटीपी मागणारा फोन आला तर तो बँकेचा नाही. शंका आली तर फोन ठेवा आणि शाखेला आपण फोन लावा.

मालकाच्या फोनची रेंज अचानक गेली आणि तासाभरात आली नाही, तर मोबाइल कंपनीकडे लगेच चौकशी करा. मोठा चेक भरण्याआधी सिम बंद पाडायचं, म्हणजे एसएमएस पोचतच नाही, ही जुनी युक्ती आहे.

रोज दोनदा खातं उघडा: दुपारी जेवणाआधी आणि चार-साडेचारला. सात वाजेपर्यंत बँकेला ‘हा चेक आमचा नाही’ सांगायला वेळ उरतो तो या दुसऱ्या फेरीमुळे.

आमच्या वेळी झालं ते असंच. बँकेतून दुपारी फोन आला, अमुक नंबरचा चेक दिलाय का? रजिस्टर उघडलं तर त्या नंबरचं पान चेकबुकात कोरं होतं. नंतर बँकेने त्या चेकची प्रतिमा दिली. अक्षर वेगळं होतं, पण सही हुबेहूब. इतकी हुबेहूब की आमच्या एका जुन्या वटलेल्या चेकच्या प्रतिमेवर ती ठेवली तर शेपटीचा ठिपकासुद्धा जुळत होता. माणूस स्वतःची सही दोनदा अशी तंतोतंत करूच शकत नाही. पोलिसांना तक्रारीबरोबर आम्ही त्या दोन्ही प्रतिमा शेजारी शेजारी छापून दिल्या. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे करून बघा.

७. समोरून आलेला चेक घेताना

आतापर्यंत दिलेल्या चेकचं बोललो. घेतलेला चेक बनावट निघाला तर माल जातो. नवीन गिऱ्हाईक, मोठी ऑर्डर, घाई आणि शनिवारची संध्याकाळ असं सगळं एकत्र आलं की चेक उजेडात धरून बघा.

सीटीएस-२०१० प्रमाणाच्या चेकमध्ये कागदातच इंग्रजीत ‘सीटीएस-इंडिया’ असा वॉटरमार्क असतो, उजेडासमोर दिसतो. चेकची झेरॉक्स काढली तर तिच्यावर ‘व्हॉइड’ किंवा ‘कॉपी’ अशी अक्षरं उमटतात. डाव्या कडेला छापखान्याचं नाव आणि सीटीएस-२०१० असं बारीक छापलेलं असतं. नोटा तपासायचा अतिनील दिवा दुकानात असेल तर त्याखाली बँकेचा अदृश्य लोगो चमकतो. चेकबुकातून फाडलेल्या पानाची एक कड दातेरी असते, चारही कडा कात्रीने कापल्यासारख्या गुळगुळीत असतील तर विचारणा करा.

खालची पट्टी वाचायला शिका. आधी सहा आकडी चेक नंबर, मग नऊ आकडी एमआयसीआर कोड. या नवातले पहिले तीन शहराचे (मुंबईचे ४००, पुण्याचे ४११), पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. चेकवर शाखा पुण्याची आणि कोड भलत्याच शहराचा असेल तर थांबा. वर छापलेला आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं शून्य असतं. तो बँकेच्या वेबसाइटवर टाकून शाखा जुळते का बघा. खात्री करायला फोन लावाल तो वेबसाइटवरच्या नंबरला, चेकवर छापलेल्या नंबरला नाही.

डिमांड ड्राफ्ट दिसला की लोक निर्धास्त होतात. तोही बनावट असू शकतो. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्ट काढणाऱ्याचं नाव ड्राफ्टच्या दर्शनी भागावर छापलेलं असतं. नसेल किंवा गिऱ्हाइकाच्या नावाशी जुळत नसेल तर माल सोडू नका.

सगळ्यात मोठा धोका कागदात नसून आपल्या घाईत आहे. चेक भरल्यावर खात्यात रक्कम ‘दिसते’, पण ती न वटलेली असू शकते. काढता येणारी शिल्लक वेगळी दाखवलेली असते, ती बघा. गिऱ्हाइकाने पाठवलेला जमा झाल्याचा एसएमएस किंवा भरणा स्लिपचा फोटो हा पुरावा नव्हे. आणि कुणी बिलापेक्षा जास्त रकमेचा चेक देऊन ‘वरचे यूपीआय करा’ म्हणाला, तर एक रुपयाही परत करू नका.

८. बनावट चेक वटलाच तर

पहिल्या तासात बँकेला लेखी कळवा. फोन करा, पण त्याच्यामागे ईमेल हवाच, कारण वेळ नोंदली जाते. पत्रात तीन गोष्टी मागा: उरलेल्या चेकचं पेमेंट थांबवणं, ज्या खात्यात पैसे गेले तिथे रक्कम रोखण्यासाठी त्या बँकेला लगेच कळवणं, आणि चेकच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा. मूळ कागद चेक भरून घेतलेल्या बँकेकडे असतो आणि तिने तो दहा वर्षं जपायचा असतो. तो जपून ठेवायला सांगा, हस्ताक्षर तपासणीला तोच लागतो.

मग पोलीस. ‘चेक दुसऱ्या शहरात भरला, तिकडे जा’ असं सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. हद्द कोणतीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. भारतीय न्याय संहितेतली फसवणुकीची ३१८ आणि बनावट दस्तऐवजाची ३३६, ३३८, ३४० ही कलमं अशा तक्रारीत सहसा येतात.

सोबत न्यायची कागदपत्रं:

- खात्याचं स्टेटमेंट, बनावट नोंद ठळक केलेलं
- बनावट चेकच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा
- त्याच नंबरचा मूळ चेक किंवा चेकबुकातलं कोरं पान, त्याची प्रत
- चेक रजिस्टरच्या संबंधित पानांच्या प्रती
- पॉझिटिव्ह पेचा संदर्भ क्रमांक, असल्यास
- बँकेला पाठवलेलं पत्र आणि पोच
- पेढीचं नोंदणीपत्र, भागीदारी करार किंवा ठराव, सही करणाऱ्याचं ओळखपत्र

क्लोन चेकने खातं रिकामं झाल्यामुळे तुमचे खरे चेक परत गेले, तर पार्टी परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची नोटीस पाठवू शकते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम चुकती केली की प्रकरण तिथेच मिटतं. रुसवेफुगवे न करता पार्टीला फोन करा, परिस्थिती सांगा आणि रक्कम आरटीजीएसने द्या.

बँकेकडून पैसे परत मिळतात का? सही बनावट असेल तर कायद्याची बाजू तुमच्याकडे झुकते. वर सांगितलेल्या १९८७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बनावट सहीचा चेक म्हणजे ग्राहकाचा आदेशच नव्हे, आणि ग्राहकाने पासबुक वेळोवेळी तपासलं नाही एवढ्यावरून बँक सुटत नाही. सही तुमची आणि रक्कम बदललेली, अशा प्रकरणात मात्र कलम ८९ आडवं येतं. ऑनलाइन फसवणुकीत तीन दिवसांत कळवलं की पैसे परत, असं जे ऐकलेलं असतं ते २०१७ च्या परिपत्रकातलं आहे आणि ते इलेक्ट्रॉनिक व्यवहारांपुरतं आहे. चेकसाठी त्यावर विसंबू नका.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. फक्त आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून शाखेत दिलेल्या प्रत्येक पत्राच्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्या. काउंटरवरचा माणूस ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाला तरी तिथेच थांबून घ्या.